बाटलीवरची ओळ

नाबुल, १२ फेब्रुवारी

प्रिय रौदा,

ईदच्या फोनवर आपण हवामानापलीकडे गेलो नाही, म्हणून लिहितो. मी बरा आहे. गुडघा दुखतो, पण शुक्रवारच्या बाजाराला चालत जातो. गल्लीतल्या नारिंगांना कळ्या धरल्या आहेत. महिन्याभरात फुलं येतील आणि त्यांचं पाणी काढायला भट्टी लावायची की नाही, हे ठरवावं लागेल.

तुला हसू येईल, पण मी एक मार्केटिंग एजन्सी नेमली आहे. एजन्सी म्हणजे दोनच माणसं, ट्युनिसमध्ये एका दातांच्या डॉक्टरच्या वरच्या मजल्यावर बसतात. विदाद नावाची मुलगी तुझ्याच वयाची, आणि साब्री फोटो काढतो. नेमली कारण गेल्या वर्षीच्या फुलपाण्याच्या बाटल्या अजून फळीवर आहेत. लोक दुकानात येतात, मला सलाम करतात, तुझ्या आईसाठी दुआ मागतात आणि तसेच जातात. आई प्रत्येकीच्या सुनेचं नाव विचारायची, कॉफीत दोन थेंब टाकून पाजायची. मी तीस वर्षं भूमिती शिकवली. मला एवढंच सांगता येतं की चार किलो फुलांच्या दोन बाटल्या होतात.

तेच मी विदादलाही सांगितलं. तिनं विचारलं होतं, “तुमचं पाणी दुसऱ्यांपेक्षा वेगळं कसं?” मी म्हणालो, “वेगळं नाही. चार किलोच्या दोन बाटल्या, सगळीकडे तेच.” साब्रीचं पेन जागच्या जागी थांबलं. शेजारची मन्नूबिया खाला दारातच होती, ती म्हणाली, “या माणसाला विचारू नका गं. निकाहाच्या दिवशी बोला म्हटलं, तर यानं पाढे म्हटले असते!”

पुढच्या खेपेला दोघं चित्रीकरणासाठी आली, ती नोव्हेंबरात. फुलं नसतात हे माहीत असल्यामुळे येताना पिशवीभर कापडी फुलं घेऊन आली. खालानं एक फूल चिमटीत धरलं, वास घेतला आणि म्हणाली, “हे उकळलं तर रंग निघेल, पोरी. त्यात चादरी बुडवा.” विदाद स्वतःच इतकी हसली की मलाही हसू आलं. एप्रिलात आई गेल्यापासून मी पहिल्यांदाच हसलो. मग लाज वाटून आत जाऊन चहा ठेवला.

त्या दिवशी खाला दोन तास बोलत होती. मी ऐकत होतो. आजीचा तांब्याचा हंडा, वाफ निसटू नये म्हणून त्याच्या सांध्याला लावलेली कणीक, फुलांच्या दिवसांत पोत्यांवर बसून खाल्लेला कुसकुस, सगळं तिनं सांगितलं. आणि तुझं सांगितलं. तू सात वर्षांची होतीस, गच्चीच्या जिन्यावरून पडलीस, गुडघा फुटला. हंडा चुलीवर होता. तू बाही दातांत धरून भिंतीला टेकून उभी राहिलीस, हूं की चूं नाही. आईनं जाळ विझवला, हंडा उतरवला, तुझ्याकडे वळून म्हणाली, “आता रड.” आणि तू जे भोकाड पसरलंस, ते कुंभारआळीपर्यंत ऐकू गेलं. मला हे सगळं आठवत होतं, फक्त बाहीचं विसरलो होतो. पिवळी बाही होती.

खाला म्हणाली, “हंडा चुलीवर असताना या घरात कुणी रडत नाही. वाईट बातमी सांगत नाही. पाणी नासतं.” विदादनं ते लगेच लिहून घेतलं. म्हणाली, “मोंजीसाहेब, हीच तर तुमची ओळ! इतका वेळ काय पाढे सांगत होता?”

गेल्या आठवड्यात बाटलीवर लावायच्या कागदाचा नमुना आला. सुंदर आहे. मधे आईचं नाव, बेया, आणि खाली ती ओळ. छपाईला द्यायचा, तर माझा होकार हवा. मी तो कागद चार दिवस जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि स्वयंपाकघरात उभ्यानं जेवलो.

काल विदादला कळवलं की ही ओळ नको. ती म्हणाली, “यापेक्षा चांगली ओळ मिळणार नाही. कारण तरी सांगा.” मी म्हटलं, कारण आधी दुसऱ्या कुणाला तरी सांगायचं आहे.

आई आजारी पडली तेव्हा फुलं भरात होती. मी आणि खाला भट्टी सांभाळत होतो. तुला फोनवर ‘थोडा थकवा आहे’ असं सांगायचं, हे तिनंच ठरवलं होतं. इतकं तुला ठाऊक आहे. पण गुरुवारी तिनं मला पलंगाजवळ बोलावलं आणि म्हणाली, “रौदाला बोलाव.” मी म्हणालो, “रविवारी फुलं संपतील, मग फोन करतो. हंडा चढलाय.” तिचाच नियम मी तिला सांगितला. पाणी नासतं यावर माझा कधीच विश्वास नव्हता, पोरी. तुझा आवाज ऐकला असता तर मला रडू आलं असतं आणि आपण वाचणार नाही हे आईला कळलं असतं, म्हणून मी त्या हंड्याच्या आड लपलो. शुक्रवारी तिनं पुन्हा म्हटलं. शनिवारी पहाटे ती गेली. तू पोचलीस तेव्हा दफन होऊन गेलं होतं. अंगणात तू मला एकच विचारलंस, शेवटी आईनं माझं नाव काढलं होतं का? मी म्हणालो, नाही, ती झोपेतच होती. ते खोटं होतं. तिनं तुझं नाव काढलं होतं. दोनदा.

तुझाच,
बाबा