आपल्यात जाळत नाहीत

नांदेड,
मंगळवार, दि. १४ ऑक्टोबर २०२५

विषय : 'वीजबहाद्दर' या चित्रपटातील एक प्रसंग

चि. सोमेश यास,

शरणु शरणार्थी. गुडघा सोडला तर माझं बरं चाललं आहे. हैदराबादेत तुझंही बरं असेल असं पोस्टरवरच्या नावावरून वाटतं.

गुन्ह्याची वेळ आधी लिहिते. रविवार, दि. १२ ऑक्टोबर, दुपारी चार वाजून बावन्न मिनिटं. स्टेशनजवळचं थिएटर, मागून तिसरी रांग. त्या मिनिटाला तू तुझ्या बापाला पडद्यावर आडवं निजवलंस आणि जाळलंस.

तो आपला बाप नव्हे, पात्र आहे, हे मला सांगू नकोस. वीज मंडळातला लाइनमन, नाव बसवंत, जेवताना डावा पाय हलवायची सवय. नाव बदलण्याइतकीही मेहनत तू घेतली नाहीस.

शेजारच्या मल्लम्माला मी सोबत नेलं होतं. आमच्या सोमेशनं लिहिलाय, असं मीच मिरवलं होतं. ज्वाळा उठल्या तशी ती चार रांगांना ऐकू जाईल असं ओरडली, "अगं बाई, बाप जाळला की ह्यानं! शिवकन्याबाई, आपल्यात जाळतेत व्हय?"

"गप बस. सिनेमा आहे."

"सिनेमा हाय म्हणून मयताची रीत बदलती का?"

पुढचा एक गृहस्थ "ओ मावशी" म्हणून वळला. त्याला ती म्हणाली, "तुझा बाप न्हाई जळून राहिला. तू बघ निवांत."

मी तेहतीस वर्षं टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होते, घड्याळ लावून, वेळ संपली की लोकांचे ट्रंक कॉल तोडले. ती सवय गेलेली नाही, म्हणून तुझा सिनेमाही मोजला. मारामारी सत्तेचाळीस मिनिटं. गोदावरीवरचा पूल दोनदा पडला, मधे कुणी बांधला ते कळलं नाही. बापाचं मरण दोन मिनिटं दहा सेकंद, तेही स्लो मोशनमध्ये, म्हणजे खरं एकच मिनिट. दुःख झालं की तुमच्या नायकाच्या डोळ्यांतून निळा उजेड निघतो. माझ्या डोळ्यांतून मोतीबिंदू निघाला होता, एवढंच मला ठाऊक.

पेपरात तुझी मुलाखत वाचली. "ॲक्शन आणि इमोशन यांचा तोल आम्ही साधलाय." कसला तोल? अर्धं शहर पाडायचं आणि मग एका आईला पदरानं डोळे पुसायला लावायचे? आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर निबंधात असलं काही दिसलं की लाल रेघ मारून वही खिडकीतून टाकायच्या. तुझी वही त्यांच्या हाती पडली नाही, हे त्यांचं नशीब.

तुला ॲक्शन हवी होती ना? घे. तू आठ वर्षांचा होतास, आपण निलंग्याला होतो. भर दुपारी वादळ आलं, तारा तुटून बसस्टँडच्या पत्र्यावर पडल्या. तुझे अप्पा भिजलेल्या खांबावर चढले. तू खिडकीतून टाळ्या वाजवत होतास. ते घरी आले तेव्हा त्यांना बशी धरता येईना, हात इतके कापत होते. मी त्यांना चहा पाजला. ते म्हणाले, "सोम्याला सांगू नको. त्याला वाटतं मी भीत नाही." मी सांगितलं नाही. आता सांगितलं. ही बशी तुझ्या सिनेमात असती तर तो पूल मी आणखी दोनदा पडू दिला असता.

दिग्दर्शकाला ज्वाळा हव्या होत्या, असं तू म्हणशील. आगीतून नायक उठतो, लोक शिट्ट्या मारतात. पण तू तर आपल्यातला ना? त्याला सांगायचं होतंस की आमच्यात माणूस मेल्यावर झोपत नाही, मांडी घालून बसतो. कपाळभर विभूती, डाव्या तळहातावर इष्टलिंग, आणि तसाच बसून मातीत उतरतो. मेल्यावरही पाठ न टेकणारा माणूस! याहून मोठा बहाद्दर तुझ्या त्या संगणकातून निघाला असता का?

एवढं लिहून रविवारीच पाकीट चिकटवणार होते. तेवढ्यात लक्षात आलं की तू ते पाहिलेलंच नाहीस. आजोबांच्या वेळी तू पाळण्यात होतास. आणि अप्पांच्या वेळी...

त्यावरच यायचं होतं. इतका वेळ पुलाला शिव्या देत बसले.

माझी खरी तक्रार जाळण्याच्या आधीच्या प्रसंगाबद्दल आहे. नायक दूर कुठंतरी आभाळात लढतोय. घरात सगळे मयत उचला, उचला करताहेत. आई दारात आडवी उभी राहते आणि म्हणते, "माझा लेक आल्याशिवाय ह्यांना कुणी हात लावायचा नाही." मग तो येतो, बापाचा हात हातात घेतो.

थिएटरात सगळे रडले. मल्लम्माही रडली. मी नाही.

तीन वर्षांपूर्वी, अप्पांना मातीला न्यायचं त्या दिवशी, चार वाजून दहा मिनिटांनी तुझा फोन आला. "आई, मुदखेडला गाडी उभी आहे. क्रॉसिंग आहे. अर्ध्या तासात येतो. थांब." मी "बरं" म्हणाले आणि ठेवला. चन्नबसप्पा काकांनी विचारलं, "वहिनी, सोमेश कुठवर आला?" मी म्हणाले, "काही पत्ता नाही. चला." हे त्यांना आजही माहीत नाही.

मुदखेड ते नांदेड. उभ्या जन्मात दुसऱ्यांच्या मयताचे कॉल मी घाईघाईनं जोडून दिले, आणि घरचा असा तोडला.

का, ते लिहिते. जाण्याआधी तीन महिने अप्पा अंथरुणात दाराकडे बघत पडले होते. तुझं दर वेळी शूटिंग. मला वाटलं, जिवंतपणी इतकी वाट बघितली, आता मेलेल्या माणसानं आणखी अर्धा तास तुझ्यासाठी का बसायचं? मला तुला शिक्षा करायची होती. तू आलास तेव्हा माती ओढून झाली होती. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "उशीर केलास." तू माझ्याकडे बघितलंस. फोनचं एक अक्षर काढलं नाहीस. तिसऱ्या दिवशी गेलास तो आजवर या घरात आलेला नाहीस.

तेव्हा सिनेमात अप्पांना आडवं निजवलंस ही चूक तुझी नाही. बसलेले अप्पा तुला मी दिसू दिले नाहीत.

आता एकच विचारते. ते वाक्य त्या बाईच्या तोंडी तू का घातलंस? सगळ्या मराठवाड्यासमोर मला टोचायला? की मी असं म्हणायला हवं होतं असं तुला वाटत राहिलं, आणि घरी नाही तर नाही, पडद्यावर तरी म्हणू दे, म्हणून? पहिलं असेल तर स्पष्ट लिही, मी वाचू शकते. दुसरं असेल तर तेही लिही, ते वाचायला मला अधिक वेळ लागेल.

फोन करायचा नाही. उत्तर लेखी, तुझ्या हाताचं, शुक्रवार दि. ३१ ऑक्टोबर, सायंकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे.

तोपर्यंत मी थांबते.

आई