विहीणबाईंचे बूट

जॉन्जू, रविवार

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या बहिणीचा, पिल-सूनचा, कपाळ जमिनीला टेकून नमस्कार (गुडघे आता टेकत नाहीत, पण कागदावर टेकवायला काय जातंय). तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला का? की खोकला तोच आणि डॉक्टर नवा? तोंगयाँगहून तू धाडलेली खारवलेल्या कालवांची बरणी पोचली. यंदाची कालवं काय सांगू तुला, नुसतं झाकण उघडलं तर अख्ख्या गल्लीला कळलं. ह्यांनी तर दोनदा वास घेतला. ताई, तुझी माया काही आटत नाही बाई.

पण पत्र लिहायला बसले ते वेगळंच सांगायला. आपल्या बोरमच्या लेकीचा, रा-ऊनचा, पहिला वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे. बोरमच्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या विहीणबाईंनी, तो तिकडे सोल शहरातच करायचा असं मनात धरलेलं, हॉटेलचा हॉलही बघून ठेवलेला. आता सोलला ठरलं तर आमचे हे काही जाऊ शकत नाहीत. खुब्याचं हाड मोडल्यापासून थोडा वेळ बसले तरी चेहरा पांढरा पडतो, आगगाडीत कुठले बसणार! मग पुढ्यात मांडलेल्या वस्तूंतून नातीनं दीर्घायुष्याचा दोरा उचलला की विद्येचं पुस्तक उचललं, हे आजोबांनी फोनवर बघायचं? अगं, हा माणूस रोज भिंतीला धरून उभं राहायचा सराव करतोय, का, तर नात उभी राहील तेव्हा आपणही उभं असावं. बोरम म्हणाली, "आई, सरळ सांगून टाक ना त्यांना." मी म्हटलं, गप्प बस! विहिणीपुढे रडगाणं गायचं? ह्यांना दुकानातून निघवत नाही, असं मी त्यांना ठोकून दिलं होतं (दुकान कधीच बंद झालं, हे तुला माहीत आहेच). माझा बेत वेगळा होता. विहीणबाईंना एक दिवस बोलवायचं, जॉन्जू असं दाखवायचं आणि असं खिलवायचं, की त्यांनीच म्हणावं, वाढदिवस इथेच करू या.

आल्या. उंच, ताठ, एक केस इकडचा तिकडे नाही. आधी जुन्या वस्तीतल्या खानावळीत जेवायला नेलं (तीच ती, बाहेर बूट काढून आत जमिनीवर बसायची). पितळी वाडग्यात भात-भाज्यांचा बिबिम्बाप, भोवती वाट्याच वाट्या. दुसऱ्या घासाला विहीणबाई चक्क हसल्या आणि मला वाटलं, अर्धा हॉल तर इथेच सुटला! त्या आनंदात मी पाहुणचाराचं टोक गाठलं. त्या तोंड पुसतायत तोवर लगबगीनं बाहेर आले, पायरीवरच्या दगडावरून त्यांचे काळे बूट उचलले आणि तोंडं रस्त्याकडे करून जोडीनं मांडून ठेवले. विहीणबाईंनी बुटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, जराशा थांबल्या, आणि पाय घातले.

तिथून पुढे दिवसाला जी अवकळा आली म्हणतेस! हसू गेलं, ओठ घट्ट मिटले. राजाची तसबीर असलेल्या देवळात नेलं, तर तसबिरीकडे ढुंकून पाहिलं नाही, पण ओट्याची स्तुती केली आणि त्यावर बसून राहिल्या. चर्चजवळ भाड्यानं रेशमी हानबोक नेसलेल्या पोरींचा नुसता पूर लोटला होता. मी म्हटलं, आपणही नेसायचं का? तर म्हणाल्या, "नको हो, त्यात चालावं लागेल." कागदाच्या पंख्यांच्या दुकानात एक स्टूल होतं. त्या स्टुलावरून हलेनात, म्हणून दुकानदाराला वाटलं मोठं गिऱ्हाईक आहे. त्यानं माडीवरचेसुद्धा पंखे काढून आणले. शेवटी लाजेकाजेस्तव मीच एक घेतला, त्यावर मांजर आहे आणि तेही रागावलेलं आहे. जितक्या त्या आक्रसत गेल्या तितकी मी इरेला पेटले आणि शेवटी ओमोकदेच्या टेकडीच्या पायऱ्यांना हात घातला. तिथून सगळी कौलारू घरं दिसतात. कोणाचंही मन तिथे विरघळतं.

निम्म्यात विहीणबाई कठडा धरून मटकन खाली बसल्या. मी हात जोडले, म्हटलं, "माझं काही चुकलं का हो?"

"तुमचं काही नाही चुकलं. फक्त हे बूट माझे नाहीत."

"अगं बाई! मग घातलेत कशाला?"

"तुम्ही स्वतःच्या हातानं मांडलेत. विहिणीनं मांडलेले बूट, माझे नव्हेत असं कुठल्या तोंडानं सांगू?"

त्यांनी बूट काढले. टाच सोलून मोज्याला रक्त लागलेलं. मी कपाळावर हात मारला आणि म्हटलं, "अहो, दुखत होतं तर बोलायचं! माणसानं सांगितल्याशिवाय समोरच्याला कळायचं कसं?" हे बोलले मात्र आणि माझेच शब्द माझ्या कानात शिरले. तिथेच पायरीवर बसून हमसाहमशी रडले. खुबा, भिंत, बंद दुकान, सगळं सांगून टाकलं. विहीणबाईंनी ऐकून घेतलं आणि माझ्या पाठीत असा सणसणीत धपाटा घातला की आपल्या आईची आठवण झाली. म्हणाल्या, "मी बुटांबद्दल गप्प बसले. तुम्ही अख्ख्या नवऱ्याबद्दल!"

मग काय, त्या मोज्यांवर आणि मी त्यांना धरून, अशी वरात नांबू बाजारात गेली. त्यांनी जांभळ्या रबरी सपाता घेतल्या, फूल असलेल्या, आणि मलाही तशाच घ्यायला लावल्या. मोड आलेल्या सोयाबीनच्या कढत सुपाचा एक वाडगा संपवून दुसरा मागवला. आणि पंखे नाहीत, चर्च नाही, थेट आमच्या घरी चला म्हणाल्या. हे भिंतीला धरून उठले. विहीणबाईंनी वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "व्याहीबुवा, तो हॉल गेला खड्ड्यात. पोरगी इथेच उभी राहणार, तुमच्यासमोर." हे नंतर स्वयंपाकघरात आले आणि सगळ्यांसाठी सफरचंदं सोलली, उभ्यानं. ताई, मी देवाचे, त्या बुटांचे आणि माझ्या धांदरटपणाचे आभार मानले. अशी विहीण लाभायला भाग्य लागतं.

तुझीच,
पिल-सून

ता. क. त्या बुटांची मालकीण सापडली. देगूच्या एक आजी, त्याच खानावळीत शेजारच्या खोलीत होत्या. त्या विहीणबाईंचे होडीएवढे बूट फरफटत घरापर्यंत गेल्या. वयानं पाय आटले असतील असं समजल्या म्हणे. सुनेनं पुढ्यात मांडले होते, बोलणार कशा?

आणखी एक. वाढदिवसाला तुम्ही दोघं यायचंच, आणि सुपासाठी तुमच्याकडचं समुद्राचं शेवाळ घेऊन ये. कालवं मात्र आणू नकोस. टेकडीवर धडा मिळालाय म्हणून सांगते, इतकी वर्षं तुझी बरणी शेजारीण खाते. ह्यांनी दोनदा वास घेतला तो कालवं नासली तर नाहीत ना, याची खात्री करायला. रागावू नकोस, दुखतं ते बोलावं माणसानं.

मी दर हिवाळ्यात पाठवते ते मिरचीचं लोणचं तुला आवडत नसेल, तर ते मात्र कळवू नकोस.