कोरड्या खडकावरची माती

माय, तुला अक्षर ओळखता येत नव्हतं, तरी लिहितोय. माझं यंत्र काय करतं हे तुला दुसऱ्या कुणी सांगावं, हे मला चालणार नाही.

नेकनूरच्या वरच्या डोंगरात पाणी हुडकायला सरकारनं आम्हाला धाडलं होतं. चार लोखंडी खुंट्या एका रेषेत ठोकायच्या, बाहेरच्या दोहोंतून वीज जमिनीत सोडायची, आतल्या दोहोंना जोडलेला काटा बघायचा. खाली ओल असेल तर तो सांगतो. हे सगळं मी एकट्यानं, पुस्तकं वाचून शिकलो. पण तिथं नुसता काळा खडक. खुंटीच आत जाईना, तर वीज कुठून जाणार? मी मिठाचं पाणी ओतलं. ते उतारानं वाहत या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत गेलं, वीज वरच्यावर त्यातूनच पळाली आणि काटा भलतंच सांगायला लागला. ते पाणी बाया दरीतून डोक्यावर आणत होत्या. एक म्हातारी घागर टेकवत म्हणाली, "मिस्त्री, पाणी हुडकाय आलाव का सांडाय?" साहेबांनी बजावलं, आज जमलं नाही तर उद्या सामान खाली उतरवायचं. मग त्या गावाला विहीर नाही.

मी तिथंच बसलो, आणि मला आपलं खडकावरचं स्वयंपाकघर दिसलं. मी हट्टानं घातलेली चूल, कालवण उकळताना सुटलेली माती, आडवं झालेलं मडकं. मी दगडाला लाथ मारली तेव्हा तू म्हणालीस, "त्याच्यावर कावून चिडतो रं? आधी धू त्याला, भिजव, पातळ गारा चोळ, मग माती लाव. कोरड्या दगडाला माती धरत न्हाई."

उठलो. खराट्यानं धूळ काढली, चार जागा ओल्या फडक्यानं पुसल्या, काळ्या मातीचा खारट गारा चोळला, वर घट्ट चिखल, त्यात खुंटीऐवजी तांब्याचा पत्रा दाबला, उन्हानं वाळू नये म्हणून वर ओलं पोतं. मधला खडक कोरडा ठक्क ठेवला. काटा हलला आणि थांबला. साहेब म्हणाले, "फिर से लो." पुन्हा तिथंच थांबला, खाली ओल आहे म्हणत. त्याच जागी विहीर खणली, आणि पाणी लागलं माय, लई गोड. म्हातारीनं पहिला तांब्या माझ्याच हातात दिला.

आता डोंगरात यंत्र लावायचं तर मलाच बोलावतात, आणि मी ताठ मानेनं जातो. तू गेलीस, म्हणून हा कागद मात्र पेटीतच राहील. चार पत्रे मी केसभर न चुकता बसवतो. घरची चूल अजून डावीकडं कलते.