डोळ्याला न दिसणाऱ्या माश्या

तीर महिना, ५
माश्या आल्या! नात शीवाने कृषी केंद्रातून आणल्या, कागदाच्या पुड्यांत; आत ठिपकेवाले कागद, ठिपक्यांत माश्या. डंख नाही, डोळ्याला दिसत नाहीत. खोडकिड्याच्या अंड्यात गुपचूप आपलं अंडं घालतात, पिल्लू त्याला आतून खाऊन टाकतं. न सांगता यायचं, राहायचं, खायचं – बेहरूझची सासूच अगदी!

बेहरूझ म्हणाला, "आई, यंदाही खोडकिड्याने भाताच्या लोंब्या पांढऱ्या पडल्या तर शेत मोडून किवी लावणार." किवी! केसाळ बटाटा तो. माझ्या मुलाची अक्कल. पुड्या फडताळात ठेवल्या, नजर काढायला निखाऱ्यावर तडतडवायच्या इसफंदाच्या बियांच्या पुड्यांशेजारी.

तीर, ६
शेतात काठ्या रोवून पुड्या टांगल्या. चष्मा घरी राहिला, पण माझ्या हातांना डोळे आहेत. शेजारचा हुज्जत बांधावरून ओरडतो, "मावशी, मध कधी काढणार? रोटी घेऊन येतो!" कहवाखान्यातही हेच सांगत सुटलाय. म्हटलं, "आधी अंगाचा फवारणीचा वास घालव, बदकं पळतात तुला बघून!"

तीर, ९
बदकं ओरडली. बाकी काही नाही.

तीर, १४
हुज्जत माझ्या शेतात वाकलेला! खिशातून लाल लोकर लोंबतेय.
"काय रे, हरवलं काय?"
"बेडूक बघतोय, मावशी."
पन्नाशीचा बाप्या बेडूक बघतो! बायको कशी नांदते कोण जाणे.

मोर्दाद महिना, २०
लोंब्या वाकल्या – एकही पांढरी नाही!! बेहरूझ शेतभर फिरला, एकेक लोंबी उलटून बघत. किवीचं नाव काढायचं नाही आता. मी कहवाखान्यासमोरून दोनदा गेले, काम नसताना. हुज्जत म्हणतो, "तुझ्या माश्या हुशार गं, मावशी." जळतोय मेला.

मोर्दाद, २१
पिकाला नजर नको म्हणून इसफंदाची पुडी निखाऱ्यावर ओतली. तडतड नाही, वास नाही. चष्मा लावला. ठिपकेवाले कागद! शीवाच्या माश्या, फडताळातच मेलेल्या.

धावत शेतावर गेले. माझ्या काठ्यांवरच्या पुड्यांत इसफंद. आणि खाली भाताच्या बुंध्यांना लाल लोकरीने बांधलेल्या दुसऱ्याच पुड्या – रिकाम्या.

हुज्जत बांधावरच होता. मान खाली. "वारा आला, तुझ्या पुडीतनं इसफंद सांडलं, तेव्हाच कळलं. शीवाकडून मीही माश्या आणल्या होत्या गं, चोरून; त्यातल्याच तुझ्या भाताला बांधल्या. कहवाखान्यात सांगू नकोस, मावशी. महिनाभर हसलोय मी तिथे."

"तू पण नको सांगूस," म्हटलं.