फोटोला अंधार लागतो

मुक्काम नेकनूर

चिरंजीव शहादेव यास,

वर चिरंजीव लिहिलंय ते समजून लिहिलंय, हे आधी सांगतो.

हैदराबादेत तापाची साथ आली तवापासून तुझं खत न्हाई. मी पाठवलेली खतं तुझ्या फोटोच्या दुकानावरून परत आली, म्हणून हे टपालात टाकणार न्हाई.

यंदा कार्तिकात गावात घरोघर आकाशदिवा हाय. साथीत गेलेल्यांना वाट दिसावी म्हणून बाया तो उंच काठीवर चढवतात. तुझी मायबी रोज दिवा घेऊन माळवदावर येती. म्हणती, "लेकराला अंधारात कशापायी ठेवता?"

मी तिला तुझंच बोलणं सांगतो. या महिन्यात तारे तुटतात, त्यांचा फोटो काढायला अंधार लागतो, जवळ दिवा नको. तू शिकवलं तसं कॅमेऱ्यात फोटोची काच घालतो, त्याचं तोंड आभाळाकडं करतो आणि झाकण काढून बसतो. फोटो उमटवायला काच धुणं मला येत न्हाई. काढलेल्या काचा काळ्या कापडात बांधून ठेवल्यात, तू आल्यावर धू. माय दिवा घेऊन खाली जाती.

काल काचा संपल्या.

आज ती वात तेलात भिजवून आली. म्हणाली, "आज तरी?"

मी म्हणालो, "आजच लई तारे तुटायलेत, थांब."

ती गेली. कॅमेरा रिकामा हाय, शहादेव. मी झाकण काढून बसलोय.

येताना काचा घेऊन ये.

तुझा बाप,
भगवंतराव