तातायंना शहाळं देऊ नका

मौबान,
मंगळवार, १२ मे

प्रिय मारिविक,

कशी आहेस? मनिलात उकाड्याने जीव नकोसा झाला असेल. इथे समुद्रावरून वारा येतो म्हणून निभतंय. माझी आई तुझी आठवण काढते. तुमची काळी डुकरीण व्यायली, पिल्लं धट्टीकट्टी आहेत.

तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून कागद घेतला. फाडायचा तर फाड, पण शेवटपर्यंत वाचून.

तुला जे कळलंय ते खरं आहे. तुमच्या अंगणातल्या सगळ्या माडांवर चढून मी एकूण एक शहाळं खाली पाडलं आणि कोयत्याने फोडलं. अंगणभर पाणी झालं. पण मी प्यायलेलो नव्हतो. आणि अर्नेलवर जळून तर मुळीच केलं नाही. म्हणजे जळतो मी त्याच्यावर, ते काय लपून आहे? त्याच्या बापाचं खोबऱ्याचं गोदाम आहे आणि माझ्याकडे अर्धवट सोडलेलं कॉलेज. पण त्या दिवशीचं कारण ते नव्हतं.

मुलगी हवी तर तिच्या बापाच्या घरी राबून दाखवायचं, हे आजोबांच्या काळातलं म्हणून तू हसली होतीस. मी हसलो नाही. तू मनिलात, मी लुसेना शहरात कॉलेजच्या वर्गात आणि अर्नेल तुमच्या ओट्यावर, हे मला झेपेना. म्हणून आलो. पाणी भरलं, लाकडं फोडली, आणि रोज सकाळी तुझ्या वडिलांसाठी, तातायंसाठी, शहाळं काढलं. ते खालून ओरडायचे, "वरच्या घडातलं काढ रे, खालची निबर झालीत. जावई व्हायचंय ना? मग हात चालव!" 'जावई' या एका शब्दावर मी दिवसभर हवेत असायचो.

आता पुढचं लिहायला हात चालत नाही. तातायंना शब्द दिलाय.

मार्चमध्ये आम्ही छपराचे पत्रे आणायला लुसेनाला गेलो असं तुला सांगितलं होतं. पत्रे नव्हते, मारिविक. त्यांची पावलं सुजत होती, म्हणून मी त्यांना दवाखान्यात नेलं होतं. त्यांची मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झाली आहेत.

डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "शहाळं पिता?" ताताय ऐटीत म्हणाले, "रोज. म्हणून तर अजून उभा आहे." बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "धडधाकट माणसाने खुशाल प्यावं. तुम्ही नाही. त्यातलं पोटॅशियम तुमच्या शरीरातून बाहेर पडत नाही, रक्तात साचतं. एक दिवस हृदय बंद पडेल." हे तुला मी काय शिकवणार, तू नर्सिंगच्या शेवटच्या परीक्षेला बसली आहेस.

परतताना बसमध्ये ताताय कडाडले, "अख्खं गाव मुतखड्यावर शहाळं पितं, आणि ही कालची पोर मला सांगते! माझ्या बापाने काय गटाराचं पाणी पिऊन दिवस काढले?" मग घाटात माझा हात धरून म्हणाले, "मारिविकला कळता कामा नये. ती पण तुझ्यासारखी शिक्षण टाकून पळत येईल. तू गप्प राहा, परीक्षा झाली की पोरीचा हात तुझ्या हातात देतो. बोललास तर विसर तिला."

मी हो म्हणालो. काय हो म्हणतोय ते मला तेव्हाही कळत होतं.

शहाळं मात्र मी काढलं नाही. दुसऱ्या सकाळी हात जोडून नाही म्हणालो. तर म्हणाले, "कॉलेज पुरं करता आलं नाही, डॉक्टर कधी झालास?" पण मी थांबून काय होणार होतं? ताताय मलूल दिसतात म्हणून जो येतो तो शहाळं घेऊन येतो. शेजारीण आणते, पाद्री आणतात. अर्नेल तर घडच्या घड आणतो, वर मला ऐकवतो, "काय रे, आता झाडावर चढायची भीती वाटते?" सगळे मायेने आणतात आणि मला कुणाला कारण सांगता येत नाही. त्या दिवशी ताताय स्वतःच शहाळं काढायला सुजल्या पायांनी माडाला बिलगले, तेव्हा माझं डोकं फिरलं. पण या गावात मी किती माड झोडपणार होतो? संध्याकाळपर्यंत अर्नेलच्या आईने त्यांना तांब्या भरून शहाळ्याचं पाणी आणून दिलं.

काल ते अंगणात बसले ते उठताच येईना. पायात जीव नाही म्हणाले. मी उचलायला गेलो तर काठी उगारून मला कुंपणाबाहेर घालवलं. छातीत मधेच धडधडतं, मधेच थांबतं, असं शेजारणीला सांगत होते. ती म्हणाली, "थांबा, गार शहाळं आणते." मी कुंपणाबाहेरून ओरडलो, देऊ नका! तिने दार लावून घेतलं.

तुझी परीक्षा सोमवारी आहे, मला माहीत आहे. तरी निघ. हे पत्र माझा भाऊ तुझ्या हातातच देईल, त्याच्याबरोबरच्याच बसने ये. ताताय तुझं ऐकतील, नाही ऐकलं तर उचलून लुसेनाला ने. माझ्याशी बोलू नकोस, चालेल. मार्चपासून तुझ्यापासून हे लपवलं, तेही तुला मिळवण्यासाठी, त्याची माफी मागत नाही.

हे लिहिलं म्हणजे तातायंना दिलेला शब्द मोडला. आता ते तुला माझ्या हाती देणार नाहीत आणि तूही माझ्याकडे येणार नाहीस. म्हणून नावाआधी 'तुझा' लिहीत नाही.

रोदेल