तुमच्या नावाने केलेले फोन

अहो,

शिफ्टवरून आल्यावर आधी हे वाचा, मग भात लावा. उद्या सकाळी नऊ वाजता पेणला आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. तुमच्या आईंच्या. तारीख मी तीनदा सांगितली, तुम्ही तिन्ही वेळा "बघू" म्हणालात. सोबत तुम्ही जायचंय. मी कोलाडला माझ्या बहिणीकडे, शकूताईकडे दोन दिवस झोपायला चालले आहे. तिथे कुणी आजारी नाही.

अकरा वर्षं रोज संध्याकाळी मी आईंना फोन करून म्हणते, "ह्यांनी विचारलंय, गोळी घेतली का?" तुम्ही एकदाही विचारलेलं नाही. दिवाळीची साडी तुम्हीच निवडलीत, हेही मीच सांगते. आणि तुम्ही भावकीत हसत सांगता, "आमच्या हिला फोनवर गप्पा मारायला लय आवडतं."

आज दुपारी फोनवर त्या घाबरल्या होत्या. म्हणाल्या, "प्रणित काय बोलला गो?" मला खोटं सुचेना. सांगून टाकलं की ते काहीच बोलले नाहीत, कधीच बोलत नाहीत, सगळं माझ्याच मनचं होतं.

त्यावर त्या म्हणाल्या, "म्हाईत हाय गो मला. मी पन माझ्या सासूला असंच सांगायची, तुमच्या लेकानं इचारलंय म्हनून."

सकाळी सातला त्या आवरून ओटीवर बसतील. तुम्ही येताय, असं मी त्यांना सांगितलेलं नाही. ते तुमच्या तोंडाने सांगा.

नमिता